मुसाभाईंचं पाणी

"हे कुणाच्या छातीचे फोटो म्हणायचे?"

मुसाभाई अत्तारांच्या स्टुडिओत हा प्रश्न मी निदान पन्नास जणांच्या तोंडून ऐकला असेल. पासपोर्ट साईझ फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक बाकावर टेकायचं, केसांवरून कंगवा फिरवायचं आणि मग त्याची नजर समोरच्या भिंतीवर जायची. तिथं काळ्यापांढऱ्या, धुरकट, पट्ट्यापट्ट्यांच्या मोठ्या तसबिरी ओळीनं लावलेल्या. पुढचा संवाद ठरलेला.

"छातीचे न्हाईत, पावणं. कासारीचे हायत."

"कोण कासारी?"

"नदी."

"मग काय झालंय तिला?"

"काय व्हायचंय? वाहतीया."

गिऱ्हाईक पुन्हा तसबिरींकडं बघायचं आणि नेमका त्या वेळचा, किंचित घाबरलेला चेहरा मुसाभाई टिपायचे. शुक्रवार पेठेतल्या निम्म्या लोकांच्या रेशनकार्डावर आणि लायसनवर हाच चेहरा आहे.

मी बदली होऊन कोल्हापुरात आलो तेव्हा त्यांच्या स्टुडिओच्या वरची खोली भाड्यानं घेतली आणि पुढं बावीस वर्षं तिथंच राहिलो. मी शाळेत भूगोल शिकवतो हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सर, नदी शिकवता?"

"शिकवतो की. नववीला आहे. नदीचं कार्य."

"कुठं शिकवता?"

"वर्गात."

"फळ्यावर?"

"हो."

"फळ्यावर नदी," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि चहा मागवला. एखाद्या आजारी माणसाला पाजावा तसा तो चहा त्यांनी मला पाजला.

उंची बेताची, दाढी मेंदीनं लाल, डोक्यावर क्रोशाची टोपी, आणि पँट बाराही महिने गुडघ्याच्या जरा खालपर्यंत दुमडलेली. कधी पाण्यात उतरावं लागेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या मांडवातही ते तसेच जायचे. घराण्याचा धंदा अत्तराचा. वडिलांनी थोरल्या भावाला दुकानात बसवलं आणि यांना उदबत्त्या विकायला जोतिबाच्या डोंगरावर पाठवलं. तिथं एका यात्रेकरूनं आपला कॅमेरा यांच्या हातात देऊन "आमचा एक फोटो काढा" म्हटलं. यांनी काढला. त्या कुटुंबाच्या मागं पन्हळीतून पाणी पडत होतं. घरी जाऊन रोल धुतला तेव्हा त्या माणसाला कळलं की फोटोत पन्हळ आहे, पाणी आहे आणि डाव्या कोपऱ्यात त्याच्या बायकोचं फक्त कोपर आहे. पुढच्या वर्षी तो मुद्दाम शोधत आला, भांडला आणि तो फोटो यांच्याच पुढ्यात टाकून गेला. मुसाभाई ही गोष्ट फार अभिमानानं सांगायचे. "पयला फोटो, आणि पयली तक्रार. दोन्ही जपून ठेवल्यात."

पाण्याचे फोटो दोन प्रकारचे, हे त्यांनीच मला शिकवलं. कॅमेऱ्याची झाप, म्हणजे शटर, निमिषभरच उघडली तर थेंबन् थेंब हवेत थांबतो, काचेच्या मण्यांसारखा. याला ते ताठ फोटो म्हणायचे. झाप दोन-चार सेकंद उघडी ठेवली तर सगळं पाणी एकमेकांत मिसळून धुरासारखं, दुधासारखं दिसतं. तो सैल फोटो.

"ताठ फोटोत पाण्याचा राग दिसतोय," ते म्हणायचे, "आणि सैल फोटोत जोर."

"राग आणि जोर वेगळा?"

"सर, तुमी शाळेत हेडमास्तर बघितलाय न्हवं? वरडतो त्यो राग. पर शाळा चालती ती शिपायाच्या जोरावर."

त्यांच्या बायकोला, रझियाभाभींना, यातला कुठलाच प्रकार पसंत नव्हता. स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. तिथला नळ कायम गळका. "दुनियेचं पाणी बघत फिरत्यात," भाभी जिन्यातून माझ्या बायकोला ऐकवायच्या, "घरचा नळ आठ दिवस गळतोय त्यो दिसत न्हाई."

आतून शांत आवाज यायचा, "दिसतोय की. चांगला गळतोय."

पाणी बघून नदी ओळखतो, असा त्यांचा दावा होता. पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांचे स्वभाव ते नात्यातल्या बायकांसारखे सांगायचे. कुंभीला घाई. तुळशी लाजरी. भोगावती घरची थोरली, सगळ्यांचं ओझं वाहणारी. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांना हे पटेना. त्यांच्या सांगण्यावरून मी एक फोटो मुसाभाईंपुढं ठेवला. वरून काळ्या दगडावर पडणारी पाण्याची धार, बस्स. मुसाभाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, फोटो नाकाशी धरला, उलटा करून बघितला.

"ही आपल्यातली न्हाय," ते म्हणाले. "हिला उगम न्हाय. नुसती वरनं पडतीया, आणि लई वेळ पडतीया." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक गेलाय तुमच्या. बदलून घ्या."

फोटो आमच्या टाकीचाच होता.

पोट मात्र लग्नांवर चालायचं आणि लग्नांत त्यांचं मन रमायचं नाही. एकदा शाहूवाडीकडच्या एका गावात लग्न होतं. मुसाभाई सकाळी गेले, संध्याकाळी आले, रोल धुतला. आठ दिवसांनी स्टुडिओपुढं एक जीप थांबली आणि सात-आठ फेटेवाले उतरले. पुढं नवरीचे मामा. आवाज असा की मी वरून धावत खाली आलो.

काउंटरवर अक्षता पडतानाचा फोटो पसरलेला होता. मुसाभाईंनी तो सैल काढला होता. मांडवाच्या छतापासून नवरानवरीच्या डोक्यापर्यंत अक्षतांचा धबधबा उतरलेला आणि त्याखाली ती दोघं भीतीनं खिळल्यासारखी उभी, म्हणून स्पष्ट. बाकी मांडवातली झाडून सगळी माणसं पुसट. नुसते हात, पदर आणि रंग.

मामांनी एका गुलाबी ढगावर बोट ठेवलं. "ह्यो कोण?"

"तुमीच की."

"मी असा हाय?"

"तुमी हलला."

"आरं, भाचीचं लगीन हाय! खांबागत हुबा ऱ्हाऊ व्हय?"

"मग मी तरी काय म्हंतोय?" मुसाभाई जराही आवाज न चढवता बोलत होते. "नीट बघा. ज्याला जेवढा आनंद झालाय, त्यो माणूस तेवढा पुसट आलाय. तुमचं तर तोंडच न्हाय. एवढा आनंद सख्ख्या बापाला बी झाला न्हाय, बघा. त्याचं नाक दिसतंय."

मामा खाली वाकले. सगळे वाकले. खरंच, नवरीच्या बापाचं नाक दिसत होतं. मामांचा श्वास जरा खाली बसला. मग त्यांचं लक्ष उजव्या कोपऱ्यात गेलं. तिथं एक गृहस्थ हाताची घडी घालून उभे होते. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतके लख्ख.

"आणि ह्यो?"

"ते नवऱ्याचे चुलते."

मामांनी टेबलावर थाप मारली. "तवाच म्हटलं हुतं मी! तवाच! ह्या माणसाला हे स्थळ पसंत न्हाय!"

तो फोटो मामांनी मोठा करून, चौकटीत बसवून नेला. पुढं कितीतरी दिवस ते आल्यागेल्याला तो दाखवायचे म्हणे. आपण कुठं आहोत ते सांगत नसत, चुलते कुठं आहेत ते सांगत.

मुसाभाईंची एक इच्छा मात्र वर्षानुवर्षं राहून जात होती. राधानगरीचं धरण भरलं की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात. माणूस लागत नाही, पाण्याच्याच दाबानं दार उचललं जातं. कोल्हापुरात दर पावसाळ्यात "उघडलं का?" एवढंच विचारलं तरी समोरच्याला विषय कळतो. उघडलेल्या दरवाजाचे फोटो सगळेच काढतात. मुसाभाईंना उघडतानाचा हवा होता.

"उघडल्यावरचं पाणी म्हंजे भाषण, सर. मला पयला शब्द पायजे."

एका जुलैत मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. धरणावर जायला मनाई, म्हणून लांब समोरच्या अंगाला सखाराम नावाच्या एका शेतकऱ्याच्या भाताच्या बांधावर त्यांनी कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं मांडलं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर छत्री, स्वतःच्या डोक्यावर खताचं पोतं. मला शाळा होती. मी परत आलो. ते सखारामच्या छपरात राहिले. दिवसभर बांधावर बसायचे, नमाजही बांधावरच. सखारामची बायको तिथंच भाकरी आणून द्यायची. पाऊस असा की खाईपर्यंत भाकरीची आंबील व्हायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी दरवाजा उघडला. चौथ्या दिवशी मी त्यांना आणायला गेलो.

"मिळाला?"

"न्हाई," ते म्हणाले. "टोपण काढायचं ऱ्हायलं."

"कशाचं?"

"भिंगाचं. तीन दिस पावसात बसलो आणि टोपणच काढलं न्हाई. येड्यागत झालं."

मला हळहळ वाटली आणि खरं सांगायचं तर हसूही आलं. परत निघताना ते पिशवी बांधत होते तेव्हा सखाराम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "टोपण त्येंच्या हातात हुतं, गुरुजी. मी शेजारीच हुतो की. दार उचाललं, आवाज झाला, आणि ह्ये असं हात सोडून नुसतं बघत हुबं. मी म्हटलं, चाचा, दाबा की! तर ऐकूच गेलं न्हाई त्येंला. डोळ्यातनं पाणी चाललं हुतं. पावसाचं आसंल म्हणा."

पेठेत महिनाभर ती टोपणाची गोष्ट गाजली. पानवाल्यापासून मशिदीच्या मौलवींपर्यंत सगळ्यांनी मुसाभाईंची चेष्टा केली आणि मुसाभाई दर वेळी नव्यानं कपाळावर हात मारून घेत राहिले. टोपण राहिलं म्हणवून घ्यायला त्यांची ना नव्हती.

मग ते महापुराचं वर्ष आलं.

आमची पेठ नदीच्या उतारावर. पाणी येतं ते आम्हाला नवीन नाही. कुठल्या पायरीला लागलं म्हणजे सामान उचलायचं हे पोराबाळांनाही पाठ असतं. पण त्या वर्षी पाणी पायऱ्या मोजत बसलं नाही. सकाळी गटारातून उलटं वर यायला लागलं आणि दहा वाजता स्टुडिओच्या उंबऱ्याशी होतं. रझियाभाभी आधीच वर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. मी आणि मुसाभाई खाली.

स्टुडिओत दोन गोष्टी जपण्यासारख्या होत्या. कपाटात बिस्किटांचे पत्र्याचे डबे. प्रत्येकावर गावाचं नाव लिहिलेली चिकटपट्टी आणि आत त्या गावातल्या लग्नांच्या निगेटिव्ह. आणि काउंटरखाली एक निळी पत्र्याची ट्रंक. तीत त्यांचं सगळं पाणी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, गगनबावड्याचे ओढे, जोतिबाची ती पहिली पन्हळ. ट्रंक इतकी जड की हलवायला चार माणसं लागावीत. गल्लीत जो तो आपलं घर उचलण्यात गुंतलेला, माणसं आणायची कुठून?

मुसाभाईंनी डबे उचलायला सुरुवात केली.

"मुसाभाई, ट्रंक उघडा," मी म्हणालो. "थोडंथोडं करून नेऊ."

"आधी डबं."

"अहो, पाणी आत आलं!"

"ते दिसतंय मला," ते जिना चढता चढता म्हणाले. "सर, ट्रंकेत पाणी हाय. पाणी दर वर्साला येतंय. पर ह्येंची लग्नं परत व्हायची न्हाईत." दोन पायऱ्या चढून थांबले. "एखाद्याचं झालं तर झालं."

आम्ही डबे वाहत राहिलो. घोट्याएवढं पाणी, मग पोटऱ्या, मग गुडघे. त्यांची पँट आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर मापाची दुमडलेली होती, पण तेवढ्यानं भागेना. शेवटच्या खेपेला खाली आलो तर ट्रंक जागेवरून उठली होती. इतकी जड ट्रंक, पण पाण्यानं तिला अलगद उचललं, स्वतःभोवती एक गिरकी दिली आणि दाराकडं न्यायला सुरुवात केली. मुसाभाईंनी एका हातानं तिची कडी धरली. दुसऱ्या हातात कबनूरचा डबा. त्यांच्या मुलीचं, शबानाचं सासर कबनूरचं, त्यामुळं तिकडची पुष्कळ लग्नं त्यांच्याकडं असत. क्षणभर ते तसेच ताणलेले उभे राहिले. मग त्यांनी कडी सोडली आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

ट्रंक दारातून बाहेर पडली, वळली, गल्लीतून निघून गेली.

जिन्यावर उभं राहून आम्ही बघत होतो. समोर गल्लीतून असं पाणी चाललेलं, की ज्यासाठी हा माणूस जन्मभर रानोमाळ फिरला. मला वाटलं, निदान एवढं तरी. मी म्हणालो, "वरनं कॅमेरा आणू?"

त्यांनी मान हलवली. "नगं. आज ती कामात हाय."

पाणी उतरल्यावर पेठेत चिखल राहिला आणि चिखलाबरोबर फुगलेले, चिकटलेले अल्बम. मग लोक यायला लागले. आधी पेठेतले, मग गावोगावचे. आमच्या स्वयंपाकघरात डबे रचलेले, आणि माझी बायको व भाभी गावाच्या नावानं ते शोधून देत. मुसाभाई एकेक निगेटिव्ह उजेडाला धरून विचारत, "ह्ये तुमचंच का बघा." बायका स्वतःला बघून रडत. एक गृहस्थ बायकोच्या मागं उभे राहून मला हळूच म्हणाले, "आमचा डबा न्हाई गावला तरी काय हरकत न्हाई, सर." डबा सापडला. गृहस्थ सगळ्यांत जास्त रडले.

ट्रंकेबद्दल कुणी विचारलं की मुसाभाई म्हणायचे, "गेली फिराय. आत्तापत्तर कर्नाटकात पोचली आसंल. कन्नड शिकत आसंल." लोक हसायचे. भिंतीही धुऊन रंगवल्या, तसबिरी गेल्याच होत्या. फक्त काउंटरखाली फरशीवर ट्रंकेचा चौकोनी गंजका डाग राहिला. भाभींनी दोनदा तिथं स्टूल ठेवलं. दोन्ही वेळा ते दुसऱ्या दिवशी दुसरीकडं होतं.

पुढं दोन-तीन वर्षांनी गुडघे गेले, डोळ्यात मोतीबिंदू आला. मोबाईलमुळं पासपोर्ट फोटोलाही कुणी फिरकेना. शबाना हट्टानं दोघांना कबनूरला घेऊन गेली. तिथं रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट, आणि नदी दारात नाही. आता मुसाभाई कसे जगणार याची काळजी सबंध पेठेला लागली. कबनूरच्या लोकांची मात्र कुणी केली नाही.

गेल्या वर्षी मी भेटायला गेलो. शबानाच्या घरी भाभी होत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि हात झटकून म्हणाल्या, "जावा, नळावर हायत. आज पाण्याचा वार हाय."

गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळ. घागरी, कळशा, बादल्या यांची लांब रांग आणि रांगेत बायकांचं भांडण. रांगेतली चौथी वस्तू म्हणजे एक पालथी बादली, आणि तिच्यावर मुसाभाई बसलेले. गळ्यात कॅमेरा, दाढी आता पांढरी. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की ते उठायला गेले आणि मागची बाई ओरडली, "चाचा, उटू नगा, नंबर जाईल!"

"बघा सर," ते कुजबुजले. "हितं मला नंबर हाय."

मी त्या बाईला विचारलं. तिचं नाव सुलाबाई. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. रांगेचा सगळा कारभार तिच्याकडं. ती म्हणाली, "काय करायचं? पयल्यांदा मधीमधी यायचे. कळशी हलवू नगा म्हणायचे. मग आमी ठरीवलं. चाचास्नी दर पाण्याच्या वाराला, नंबर आला की धा आकडं पाणी. मोकळं. भांडं न लावता. धा म्हणलं की बाजूला व्हायचं."

"दहा आकडे पाणी वाया घालवता?" मी विचारलं. तिथं पाणी दोन दिवसांआड येत होतं.

"वाया कसलं?" सुलाबाई माझ्यावर डाफरली. "फोटो काडत्यात की."

त्यांचा नंबर आला. पुढच्या बाईनं आपली घागर काढून घेतली आणि नळ मोकळा सोडला. मुसाभाई बादली सरकवत जवळ गेले, एक गुडघा महत्प्रयासानं जमिनीला टेकवला, कॅमेरा डोळ्याला लावला. थरथरणारा हात दुसऱ्या हातानं धरला. रांगेतलं भांडण थांबलं. सुलाबाईनं कमरेवर हात ठेवून खड्या आवाजात मोजायला सुरुवात केली आणि अख्खी रांग तिच्याबरोबर मोजायला लागली.

"एक... दोन... तीन..."

पाणी फरशीवर पडत होतं, उडत होतं, त्यांच्या दाढीवर, टोपीवर. सहा झाले. सात झाले. मुसाभाईंचं बोट अजून खाली गेलं नव्हतं. हात स्थिर होईना. आठ. रांगेनं सुलाबाईकडं बघितलं.

"नऊ," सुलाबाई म्हणाली. मग तिनं आवाज खाली आणला. "सव्वानऊ... साडेनऊ..."

मला बस गाठायची होती. गल्लीच्या वळणावरून मागं बघितलं तेव्हा ते तसेच वाकलेले होते, नळ वाहत होता, आणि यंत्रमागांच्या खडखडाटातून सुलाबाईचा आवाज येत होता, "पावणेधा... घ्या चाचा, सावकाश घ्या... पावणेधा..."